विश्रामबागेतून गणपतीच्या दारी

सांगलीहून मिरजेकडे निघाले, की वाटेत विश्रामबाग लागते. सांगली आणि मिरज ही दोन्ही जुनी संस्थानी गावे. १९९८ पासून ती कुपवाडसह एकाच महापालिकेत नांदत असली, तरी स्वभावाने अजून दोनच आहेत. त्यांच्या मधोमध वसलेल्या विश्रामबागेला मात्र संस्थानी डौल नाही. येथे १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय आले, १९४७ साली वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आले, आणि त्यांच्या आसपास प्राध्यापकांची, पुढे बँकांतल्या, विम्यातल्या, सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरदारांची बंगलीवजा घरे उभी राहिली. ती घरे बांधणारे आता निवृत्त झाले आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून दूर. सव्वीस वर्षे मी येथे दवाखाना चालवतो आहे. सकाळच्या वेळी बाकावर साठीच्या आतला रुग्ण दिसला, तर मलाच नवल वाटते.

वाचकहो, आपण कधी या बाजूला आलात, तर संकष्टीच्या दिवशी या. त्या दिवशी सकाळी माझ्या दवाखान्यात फारशी गर्दी नसते. आठ वाजता शटर उघडताना आजूबाजूच्या खिडक्यांतून अथर्वशीर्षाचे आवाज येत असतात. एका घरी मोबाइलवर लावलेले, दुसऱ्या घरी आजोबांच्या खर्जातले, तिसरीकडे दोन जावांनी मिळून म्हटलेले. कोणाचाच ताल कोणाशी जुळत नाही. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांचे आवर्तन इतके संथ चालते, की शेजारच्यांची तीन होईपर्यंत त्यांचे दुसरे चालू असते. फुलवाली जास्वंद आणि दूर्वांच्या जुड्या घेऊन दारोदार जाते. उंबऱ्यावर रांगोळीचे स्वस्तिक उमटलेले असते. कंप सुटलेल्या हातांनी काढलेली स्वस्तिके मला दुरूनही ओळखता येतात, आणि त्यांवरून कोणाच्या औषधाची मात्रा पाहायला हवी, हेही कळते.

गणपतीची उपासना आपल्याकडे किती साध्या साधनांवर उभी आहे, हे एकदा मोजून पाहावे. तीन पानांच्या दूर्वा, एकवीस. एक लाल फूल. ‘गं’ हे एकाक्षरी बीज, ज्याची घडण अथर्वशीर्षात व्याकरण शिकवावे तशी उलगडून सांगितली आहे: आधी ग, मग अ, मग अनुस्वार, आणि शेवटी त्यांना जोडणारा नाद. हातात पाश आणि अंकुश, ध्वजावर उंदीर. ज्याला मूर्ती परवडत नाही, तो सुपारी मांडतो आणि तिलाच गणपती म्हणतो. म्हातारपणी माणसाची साधने एकेक करून सुटत जातात. दृष्टी जाते, चालणे जाते, ऐकणे जाते. अशा वेळी सुपारीपर्यंत आटोपणारी ही पूजा टिकून राहते, त्यात मला आश्चर्य वाटत नाही.

परंतु एक डॉक्टर म्हणून या दिवसाची मला धास्तीही वाटते. त्याचे कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वीची अंगारकी. रात्री साडेआठच्या सुमारास पलीकडच्या रस्त्यावरच्या घरातली सूनबाई धावत आली. “डॉक्टर, बाबा काहीतरीच बोलायला लागलेत.” मी गेलो. चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक खुर्चीत बसलेले, सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते आणि ते मला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या नावाने हाक मारत होते. बोटातून रक्त काढून तपासले, साखर ४८. दिवसभरात त्यांनी बिनसाखरेचा चहा दोनदा घेतला होता, दुसरे काही नाही. सकाळची मधुमेहाची गोळी मात्र नियमाने घेतली होती. ती गोळी ग्लिमेपिराइडची होती. पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी. आणि ती लिहून दिली होती मी.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून मी पेला पुढे केला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. शुद्ध अर्धवट होती, पण निश्चय पुरा होता. “चंद्र दिसल्याशिवाय नाही.” चंद्रोदयाला अजून अर्धा तास होता. मी समजावले, दरडावले, मुलाला हात धरायला सांगितले. काही उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांच्या पत्नी पुढे झाल्या. त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, देवघरातली पळी आणली, त्या पळीने ते साखरपाणी त्यांच्या तळहातावर घातले आणि म्हणाल्या, “अहो, तीर्थ घ्या.” हात आपोआप तोंडाकडे गेला. मग दुसरी पळी, तिसरी, दहावी. पंधरा मिनिटांनी साखर ८२ झाली आणि मास्तरांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

त्या रात्री घरी परतताना मला माझी लाज वाटली. इतकी वर्षे संकष्टीच्या गावात बसून मी एकाही मधुमेही रुग्णाला ‘तुम्ही उपवास करता का?’ असे विचारले नव्हते. आता केसपेपरच्या माथ्यावर, रक्तदाबाच्याही आधी, मी ‘उपवास’ असा रकाना ठेवला आहे. घरात मधुमेही ज्येष्ठ असतील, तर आपणही हे एकदा डॉक्टरांशी बोलून ठेवावे. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती कमी करायची, कोणती टाळायची, इन्सुलिन असेल तर किती, हे आधीच लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने सगळी औषधे बंद करणे हेही तितकेच वाईट. संकष्टीचा चंद्र साधारणपणे साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो. म्हणजे सकाळची गोळी आणि रात्रीचा घास यांत बारा-तेरा तासांचे अंतर पडते. घाम, थरथर, विसंगत बोलणे यांतले काही दिसले, की साखर मोजावी. ती ७० च्या खाली असेल, तर चंद्राची वाट पाहू नये. मोजायचे यंत्र घरात नसेल, तर साखर द्यावीच. माणूस बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. आजारी आणि वृद्ध माणसाला उपवासाची सूट परंपरेनेच दिलेली आहे. ती सूट घ्यायला घरातली मंडळी राजी होतात, व्रत करणारा होत नाही. त्याच्याशी वाद घालण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या माउलीची पळी माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात माझ्या आईला पक्षाघात झाला. वय ऐंशी. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणे पूर्ण गेले. आईला आमचे बोलणे बरेचसे कळत असे, पण उत्तराचे शब्द ओठांपर्यंत येत नसत. याला वाचाघात म्हणतात. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको की हात-पाय जाण्यापेक्षा हे दुःख निराळे असते. माणूस समोर असतो आणि दाराला बाहेरून कडी लागलेली असते.

बाराव्या दिवशी संध्याकाळी माझी पत्नी आईच्या पलंगाशी बसून अथर्वशीर्ष म्हणत होती. आईचा साठ वर्षांचा नेम होता, तो आपण पुढे चालवू, एवढाच तिचा हेतू. मी बाहेरच्या खोलीत होतो. मध्येच मला दोन आवाज ऐकू आले. दुसरा आवाज घोगरा होता, अडखळत नव्हता आणि आईचा होता. आत गेलो, तेव्हा पत्नी थांबली होती, डोळे पुसत होती आणि आई एकटीच पुढे म्हणत होती, शेवटच्या फलश्रुतीपर्यंत, एकही अक्षर न गाळता.

मी आनंदाने वेडा झालो आणि त्या आनंदात एक चूक केली. लगेच आईजवळ बसून विचारले, “आई, माझं नाव काय? सांग बरं. ही कोण? आज वार कोणता?” आईने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. काही आले नाही. मी परत विचारले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पत्नी म्हणाली, “अहो, परीक्षा नका घेऊ त्यांची.” एम.बी.बी.एस.ला मेंदूचा अभ्यास मी केला होता, तिने नव्हता.

मला तेव्हाच आठवायला हवे होते, ते आता आपल्याला सांगतो. नवे वाक्य जुळवून बोलणे आणि पाठ असलेले म्हणणे या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक माणसांत वाक्यरचनेचे काम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालते. अंकांची उजळणी, वारांची नावे, प्रार्थना, आरत्या, अगदी शिव्यासुद्धा, या गोष्टी मात्र सवयीच्या वाटांवरून येतात आणि त्यांत मेंदूचा उजवा भाग व खोलवरची केंद्रे यांचा वाटा असतो. म्हणून ‘पाणी दे’ हे दोन शब्द ज्याला जमत नाहीत, तो माणूस अख्खी आरती म्हणू शकतो. तो ढोंग करत नसतो, हट्टीपणाही करत नसतो. घरातली मंडळी कधी कधी तसे समजून चिडतात: “देवाचं बरं आठवतं, आमची नावं तेवढी आठवत नाहीत!” कृपा करून असे म्हणू नका. त्या माणसाला तुमचे म्हणणे कळत असते.

सुराच्या या वाटेने शब्दांना परत आणता येईल का, याचा प्रयत्न १९७३ साली बोस्टनच्या संशोधकांनी केला आणि छोटी वाक्ये गुणगुणत, हाताने ताल धरत शिकवण्याची एक पद्धत बसवली. आमच्या वाचा-उपचार करणाऱ्या मुलीने तोच धागा पकडला. आईला सवयीचे असे काही अर्धे म्हणायचे आणि थांबायचे, उरलेले तिने पुरे करायचे. मग त्याच चालीवर ‘चहा हवा’, ‘पाय दुखतो’. सर्वांना याचा सारखाच गुण येतो असे नाही. आईला सात-आठ शब्द परत मिळाले, तेही वर्षभराने. बाकी सगळ्यासाठी तिच्याकडे एकच शब्द आहे: ‘मोरया’. भूक लागली की मोरया, दार वाजले की मोरया, मी उशिरा आलो की रागावून मोरया. माझी पत्नी तिच्या स्वरावरून कोणता मोरया कशासाठी, ते ओळखते. मला अजून साधत नाही.

उजव्या हाताचा व्यायामही असाच देवघरातून आला. फिजिओथेरपिस्टने रबरी चेंडू दिला, कागदावर गोल काढायला सांगितले. आई चेंडू बाजूला ठेवून द्यायची. एका संकष्टीला पत्नीने फुलवालीकडून दूर्वांची मोठी जुडी घेतली आणि ताटात आईपुढे ठेवली. आई निवडायला बसली. चिमटीत एक काडी धरायची, कोवळी तीन पाने आहेत का पाहायची, नसतील तर टाकायची, असतील तर बाजूला रचायची, एकवीसपर्यंत. आधी डावा हात, मग हळूहळू उजवा मदतीला आला. पहिल्या दिवशी एक जुडी व्हायला दीड तास लागला. चिमटीची पकड, नजरेचा आणि बोटांचा मेळ, मोजणी, निवड, हे सगळे त्या एका ताटात होते, आणि ‘हा व्यायाम आहे’ असे कोणी तिला सांगितलेले नव्हते. पुढे ताटात तांदूळ पसरून बोटाने स्वस्तिक काढणे सुरू झाले. उभी रेघ, आडवी रेघ, चार वळणे, चार ठिपके. सुरुवातीला उजवीकडची वळणे राहून जायची. आता राहत नाहीत. ज्यांच्याकडे पक्षाघाताचा रुग्ण आहे, त्यांनी त्याच्या हाताच्या जुन्या सवयी कोणत्या, याचा शोध घ्यावा. कोणाचा हात वातीच्या कापसावर वळेल, कोणाचा जपमाळेच्या मण्यांवर, तर कोणाचा शेंगा सोलण्यावर. देवाचेच काम हवे असे नाही.

मंत्राच्या गुणांविषयी मोबाइलवर जे फिरत असते, त्यातले बहुतेक मी वाचताच पुसून टाकतो. जपाने साखर उतरत नाही, गाठ विरघळत नाही आणि रक्तदाबाची गोळी बंद करता येत नाही. जे थोडे तपासून पाहिलेले आहे, ते सांगतो. इटलीतल्या पाविया येथील डॉ. लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध परंपरेतला एक मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास संथ होऊन मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा त्या वेळी अधिक तत्पर झाली. हे २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. म्हणजे लांब सुरात, श्वास पुरा सोडत म्हटलेले काहीही मनाला आणि हृदयाला स्वस्थता देऊ शकते. मुख्याध्यापिकाबाईंचे संथ आवर्तन शेजारच्यांच्या घाईच्या तिनांपेक्षा मला पसंत आहे, ते याचमुळे. दमा किंवा जुनाट खोकला असेल, तर मात्र उदबत्ती आणि धूप खोलीबाहेर ठेवावा. गणपतीला दूर्वा प्रिय, धूर नव्हे, असे मी रुग्णांना सांगतो. शास्त्राधार मागू नये.

गेल्या वर्षी कार्तिकातल्या संकष्टीला आम्ही आईला सांगलीच्या गणपतीला न्यायचे ठरवले. पक्षाघातानंतर ती प्रथमच घरापासून इतकी लांब जाणार होती. लांब म्हणजे चार-पाच किलोमीटर. पण ज्यांनी असा रुग्ण गाडीत बसवला आहे, त्यांना ते अंतर ठाऊक असेल. अंगारकी मुद्दाम टाळली. रांगेत तासभर उभे राहणे हा वृद्धांच्या रक्तदाबाशी खेळ असतो. सकाळी न्याहारी आणि गोळ्या उरकून, सातच्या सुमारास निघालो. आईने उपवासाची खूण केली, पत्नीने मान हलवून मऊ भात भरवला. रागाचा एक मोरया झाला.

मार्केट यार्डाजवळ आल्यावर मी गाडीची काच खाली केली. सांगलीची हळदीची बाजारपेठ देशभर नाव मिळवून आहे आणि हंगामात येथली हवा पिवळी वाटावी इतका तो वास दाट असतो. कार्तिकात तो फिकट असतो, पण आईने नाक उचलून तो घेतला. पुष्पराज चौक, राममंदिर, मग जुने गाव सुरू होते. रस्ते अरुंद होतात आणि जमीन कृष्णेकडे उतरू लागते. २००५ साली, २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली नदी या रस्त्यांवरून फिरून गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा गावभागातली कितीतरी कुटुंबे आमच्या विश्रामबागेच्या बाजूला नातलगांकडे, शाळांत, कार्यालयांत आली होती. अशाच एका ठिकाणी मी रुग्ण तपासत होतो. एका आजीबाईंच्या पिशवीत देवघरातला पितळी गणपती, जपमाळ आणि तांब्या निघाला. रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या आणि गोळीचे नावही त्यांना सांगता येईना. मी चिडून बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, “गोळ्या तुम्ही द्याल, हा कोण देणार?” तेव्हापासून मी माझ्या रुग्णांना औषधांची यादी पाकिटात घालून देवघरात, देवाच्या पाटाखाली ठेवायला सांगतो. देव उचलला की यादी हाती येते.

सांगलीचा गणपती हा पटवर्धनांचा. त्यांचे मूळपुरुष हरभट कोकणातले, गणपतीपुळ्याजवळच्या कोतवड्याचे, आणि गणेशाचे निस्सीम भक्त. त्यांच्या नावाचा रस्ता आजही गावात आहे. त्यांच्या वंशातले चिंतामणराव अप्पासाहेब एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिरजेहून वेगळे झाले आणि सांगलीला आले. कृष्णाकाठी त्यांनी काळ्या पाषाणात हे पंचायतन उभारले. मध्ये गणपती आणि भोवती चिंतामणेश्वर, चिंतामणेश्वरी, सूर्यनारायण व लक्ष्मीनारायण. पाच देवतांची एकत्र पूजा ही जुनी रीत. घरातल्या मोठ्या माणसाला मध्ये बसवून बाकीच्यांनी भोवती बसावे, तशी ही मांडणी मला नेहमी वाटत आली आहे. याच अप्पासाहेबांच्या आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकांचा आरंभही सूत्रधाराने बोलावलेल्या गणपतीच्या प्रवेशानेच होत असे. आणि भाद्रपदात, चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला येथे गाजावाजा न करता चोर गणपती येऊन बसतो. ढोल नाही, मिरवणूक नाही. कानाला यंत्र लावणाऱ्या माझ्या रुग्णांचा तो सर्वांत आवडता गणपती आहे.

देवळात जाताना ज्येष्ठांसाठी दोन गोष्टी पाहाव्यात. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांनी भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. चटका बसलेला कळत नाही आणि संध्याकाळी तळव्याला फोड दिसतो. सकाळी लवकर जावे, सुती मोजे घालावेत, परतल्यावर तळवे आरशात पाहावेत. दुसरे म्हणजे तीर्थाने, तेलाने, नारळाच्या पाण्याने ओली झालेली फरशी. खुब्याचे हाड मोडलेले काही रुग्ण मी देवळातूनच आलेले पाहिले आहेत. प्रदक्षिणा घालायचीच असेल, तर भिंतीच्या बाजूने, कोणाचा तरी हात धरून, एक. साष्टांग नमस्कार ज्याला घालता येतो त्याने घालावा. उठता येईल का, हा विचार आधी करावा.

आईला चाकाच्या खुर्चीतून आत नेले. जेथे पायऱ्या होत्या, तेथे दोन अनोळखी मुलांनी न सांगता खुर्चीला हात लावला. गाभाऱ्यासमोर तिने स्वतः निवडलेल्या दूर्वांची जुडी उजव्या हातात धरली होती. घरापासून येथपर्यंत तिने ती सोडली नव्हती आणि आता सोडायची वेळ आली, तर बोटे उघडेनात. पत्नीने मनगट हळूच वाकवले, तशी मूठ सैल झाली. अभिषेकासाठी गुरुजींनी पळी हातात घेतली आणि खाली वाकून आईलाच विचारले, “आजी, गोत्र?”

त्यांना काही ठाऊक नव्हते. मी पुढे झालो, आमचे गोत्र सांगण्यासाठी तोंड उघडले, तोच आईचा हात माझ्या दंडावर पडला. ती गुरुजींकडे पाहत होती. तिचे ओठ हलले. आणि लग्नाला बासष्ट वर्षे झालेल्या माझ्या आईने, स्वच्छ, मोठ्या आवाजात, तिच्या वडिलांच्या घरचे गोत्र सांगितले.

गुरुजी थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पत्नीच्या कपाळाकडे पाहिले आणि पुन्हा माझ्याकडे.

“तेच म्हणा,” मी म्हणालो.